श्रीरामपूरची त्रयी

संत पौलानें करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला जें पहिलें पत्र लिहिलें, त्याच्या बाराव्या अध्यायांत एका घरगुती तंट्याचा निवाडा आहे. त्या लहानशा मंडळींत कोणाला उपदेशाची हातोटी होती, कोणी रोग्यांना बरें करी, कोणी अपरिचित भाषांत बोले, कोणी त्या बोलण्याचा अर्थ लावून दाखवी. आणि ज्याला त्याला आपलाच गुण इतरांहून थोर वाटूं लागला होता. पौलानें त्यांना शरीराचा दाखला दिला. अवयवांचीं कामें वेगळीं असलीं तरी शरीर एकच असतें, आणि जो अवयव दुबळा दिसतो त्याच्यावांचूनही शरीराचें चालत नाहीं, असें त्याच्या विवेचनाचें तात्पर्य आहे. मराठी ख्रिस्ती समाजांत या गुणांना ‘कृपादानें’ म्हणतात. हा शब्द अर्थपूर्ण आहे. कृपादान म्हणजे कमावलेली विद्या नव्हे, तर मिळालेली देणगी; आणि ती ज्याला मिळाली त्याच्या भूषणासाठीं नव्हे, तर सर्वांच्या उपयोगासाठीं दिलेली असते.

परंतु आपल्याला कोणतें कृपादान मिळालें आहे हें मनुष्यानें ओळखावें कसें, हा प्रश्न एवढ्यानें सुटत नाहीं. एकांतांत बसून आत्मपरीक्षण केल्यानें तें कळतें, कीं कामाला हात घातल्यावरच कळूं लागतें? तें ज्याचें त्याला आधीं कळतें, कीं शेजाऱ्याला? आणि जें काम आपलें म्हणून हातीं घेतलें त्यांत वर्षानुवर्षें यश येत नसेल, तर काय समजावें? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बंगालमध्यें हुगळी नदीच्या काठीं श्रीरामपूर येथें जीं कांहीं माणसें एकत्र आलीं, त्यांच्या चरित्रांत या प्रश्नांचा उलगडा विशेष स्पष्टपणें होतो. त्यांतील मुख्य तिघे म्हणजे विल्यम केरी, जॉशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड. पहिला जोडे शिवणारा, दुसरा विणकराचा मुलगा, तिसरा छापखान्यांत वाढलेला. इतिहासांत ते ‘श्रीरामपूरची त्रयी’ या नांवानें ओळखले जातात. तिघांपैकीं एकालाही आपल्या हातून पुढें काय व्हावयाचें आहे, याची मायदेश सोडतांना पुरती कल्पना नव्हती.

केरीचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांतील नॉर्दॅम्प्टनशर परगण्यांत पॉलर्सपरी या खेड्यांत झाला. बाप विणकर होता. पुढें तो गांवच्या शाळेचा मास्तर झाला. उन्हांत काम केलें कीं मुलाच्या कातडीला त्रास होई, म्हणून चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला जोडे शिवण्याच्या धंद्यांत उमेदवार म्हणून घातलें. धन्याच्या दुकानांत नव्या करारावरील टीकेचें एक पुस्तक होतें आणि त्यांत मधूनमधून अनोळखी अक्षरें छापलेलीं होतीं. तीं ग्रीक आहेत असें समजल्यावर केरीनें तीं जशींच्या तशीं उतरून घेतलीं आणि थोडेंबहुत ग्रीक जाणणाऱ्या एका विणकराकडे जाऊन त्यांचा अर्थ विचारला. त्याच ओढीनें पुढें तो लॅटिन, हिब्रू, फ्रेंच व डच या भाषा शिकला. आणि हें सारें दाभण व आरी चालवीत असतां.

आज मागें वळून पाहणाऱ्याला त्या दुकानांतच केरीचें कृपादान दिसतें. स्वतः केरीला मात्र त्यांत विशेष कांहीं दिसत नव्हतें. भाषा शिकणें ही त्याच्या दृष्टीनें एक आवड होती. ईश्वरानें सोंपविलेलें काम म्हणजे उपदेश, अशी त्याची ठाम समजूत होती. पण १७८५ सालीं ऑल्नी येथील मंडळीनें त्याचें प्रवचन ऐकलें, तेव्हां त्याला उपदेशक म्हणून लगेच मान्यता देण्यास ती राजी झाली नाहीं. त्याला वाट पाहावी लागली. मोल्टन गांवीं तो मुलांना शिकवी, जोडे दुरुस्त करी आणि कप्तान कुक याच्या सफरींचीं वर्णनें वाची. भिंतीवर त्यानें जगाचा नकाशा टांगला होता आणि कोणत्या देशांत किती वस्ती, लोकांचा धर्म कोणता, याची टिपणें तो त्यावर करीत असे. त्या टिपणांतूनच १७९२ सालीं त्याचें छोटें पुस्तक निघालें. सर्व राष्ट्रांत धर्मप्रसार करणें हें आजच्या ख्रिस्ती लोकांचेंही कर्तव्य आहे, हें त्यानें त्यांत आंकडे देऊन प्रतिपादन केलें. त्याच वर्षीं २ ऑक्टोबर रोजीं केटरिंग येथें एका विधवा बाईच्या घरीं मूठभर उपदेशक जमले व त्यांनीं बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन केली. त्या रात्रीं कबूल झालेली वर्गणी होती १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स.

येथपर्यंतची कथा उत्साहाची आहे. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केरीची बायको डॉरोथी ही अक्षरशत्रु होती. लग्नाच्या नोंदवहींत तिनें सहीऐवजीं फुली केली होती. आपल्या परगण्याबाहेर जाण्याची तिला हौस नव्हती. हिंदुस्थानांत जाण्याचा बेत ठरला तेव्हां ती गरोदर होती, आणि तिनें साफ नकार दिला. मोठ्या मुलाला घेऊन एकटाच निघण्याची केरीनें तयारी केली. पण परवाना नसल्यामुळें पहिल्या जहाजावरून त्यांना उतरावें लागलें, आणि त्या अवधींत केरीचा सोबती डॉक्टर जॉन टॉमस यानें पुन्हां जाऊन तिचें मन वळविलें. बहिणीला बरोबर घेऊन आणि तान्ह्या मुलासह चार मुलगे सांभाळीत ती १३ जून १७९३ रोजीं डॅनिश जहाजावर चढली. नोव्हेंबरांत सर्व मंडळी कलकत्त्यास पोंचली. बरोबरचा पैसा लवकरच संपला. सुंदरबनाच्या जंगलालगत कांहीं काळ काढल्यावर केरीला माळद्याच्या बाजूस मदनावती येथें नीळ करण्याच्या कोठीवर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. तेथें १७९४ सालीं पांच वर्षांचा पीटर आजारी पडून वारला. डॉरोथीचें मन त्यानंतर जें बिघडलें, तें १८०७ सालीं तिचा अंत होईपर्यंत सुधारलें नाहीं. शेजारच्या खोलींत तिचा आक्रोश चालूं असतां केरी भाषांतराच्या कागदांवर वांकून बसलेला असे. नवऱ्याचें कार्य थोर होतें, यांत शंका नाहीं. परंतु डॉरोथीच्या ठिकाणीं कोणती देणगी होती, तिला कोणतें जीवन पेलवलें असतें, हें त्या काळीं कोणी विचारलें नाहीं. कृपादानांचा विचार करतांना तिला वगळून पुढें जाणें न्यायाचें होणार नाहीं.

मदनावतीच्या आसपासच्या खेड्यांत केरीनें कांहीं वर्षें उपदेश केला. एकाही हिंदी माणसानें बाप्तिस्मा घेतला नाहीं. जें काम आपलें म्हणून तो आला होता, त्याचें फळ दिसेना. परंतु त्याच वर्षांत, पोटापाण्याचें काम संभाळून रात्रीं आणि फावल्या वेळीं, मुनशी रामराम बसू याच्या साहाय्यानें त्यानें बंगाली भाषा आत्मसात केली, संस्कृतास आरंभ केला आणि नव्या कराराचें बंगाली भाषांतर जवळजवळ पुरें केलें. प्रवचनासाठीं भाषा, अशा समजुतीनें तो शिकत होता. प्रत्यक्षांत भाषा हेंच त्याचें प्रवचन ठरत होतें.

१७९९ च्या ऑक्टोबरांत विलायतेहून नवी तुकडी आली. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखांत मिशनरी नको होते, म्हणून ती मंडळी कलकत्त्याच्या वर हुगळीच्या पश्चिम तीरावर असलेल्या श्रीरामपुरास उतरली. हें गांव तेव्हां डेन्मार्कच्या ताब्यांत होतें आणि तेथील गव्हर्नर कर्नल बी यानें त्यांना आश्रय दिला. त्या तुकडींतील विल्यम ग्रँट तीन आठवड्यांतच वारला. डॅनियल ब्रन्सडन हाही १८०१ सालीं गेला. उरलेल्यांत मार्शमन पतिपत्नी आणि वॉर्ड होते. १० जानेवारी १८०० रोजीं केरी आपलें कुटुंब घेऊन त्यांना येऊन मिळाला.

वॉर्डची हकीकत या विषयाच्या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे. डर्बी गांवीं त्यानें छापण्याचा धंदा शिकला होता आणि पुढें कांहीं वृत्तपत्रांचें संपादनही केलें होतें. १७९३ सालीं केरी हिंदुस्थानांत निघण्यापूर्वीं दोघांची गांठ पडली. ‘भाषांतर तयार झालें म्हणजे आम्हांला छापणारा लागेल’, अशा अर्थाचे शब्द तेव्हां केरीनें त्याच्याजवळ काढले. पुढें वॉर्डनें वृत्तपत्रें सोडलीं व उपदेशक होण्यासाठीं तो अध्ययन करूं लागला. जुना धंदा मागें पडला, असें कोणालाही वाटलें असतें. पण केरीचे शब्द त्याच्या मनांत राहिले होते. मागें टाकलेलें तेंच कसब त्याला श्रीरामपूरच्या छापखान्यांत उपयोगीं पडलें. १८०० च्या मार्चांत त्यानें मत्तयाच्या शुभवर्तमानाचे पहिले बंगाली खिळे जुळविले, आणि १८०१ सालीं समग्र नवा करार बंगालींत प्रसिद्ध झाला. ज्याची देणगी त्याला कळण्यापूर्वीं दुसऱ्याच्या ध्यानांत आली, त्याचें वॉर्ड हें उत्तम उदाहरण होय.

मार्शमन हा विल्टशरमधील एका विणकराचा मुलगा. त्याची वाचनाची भूक जबर होती. त्यानें ब्रिस्टल येथें शाळा चालविली होती, म्हणून श्रीरामपुरासही त्यानें व त्याची पत्नी हॅना हिनें शाळेचें काम अंगावर घेतलें. १८०० च्या मे महिन्यांत त्यांनीं युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठीं फी घेऊन वसतिगृहासह शाळा उघडल्या. उद्देश साधा होता, घरखर्च भागावा. पण या शाळांनीं पुढें मिशनच्या कितीतरी कामांचा भार उचलला, आणि त्यांच्या मागोमाग देशी मुलांच्या व मुलींच्या शाळा निघाल्या. हॅना ही त्या सर्व घराची कणा होती. मोठ्या एकत्र कुटुंबाचा संसार, शाळेंतल्या मुली, आजाऱ्यांची शुश्रूषा हें सारें ती पाही. केरीचे मुलगे आईच्या आजारानें आणि बापाच्या व्यग्रतेनें उनाड झाले होते. त्यांना वळण लावण्याचें श्रेय हॅनाला आणि वॉर्डला आहे. सोसायटीच्या दप्तरीं ती केवळ ‘मार्शमनची पत्नी’ होती. तरी हिंदुस्थानांतील पहिली स्त्री मिशनरी म्हणून तिचें नांव आज घेतलें जातें, तें सर्वस्वीं यथार्थ आहे. मार्शमनलाही एक अनपेक्षित देणगी तेथेंच सांपडली. मकाव येथें जन्मलेल्या योहानस लासर या आर्मेनियन गृहस्थाकडून १८०६ पासून तो चिनी भाषा शिकूं लागला. १८१४ सालीं त्यानें चिनी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें आणि १८२२ पर्यंत संपूर्ण बायबलाचें चिनी भाषांतर छापून काढलें. विल्टशरच्या विणकराच्या पोरानें हुगळीकाठीं बसून चिनी ग्रंथ रचावे, हें कोणत्याही आत्मपरीक्षणानें आधीं कळण्यासारखें नव्हतें.

इतक्या भिन्न प्रकृतीचीं माणसें एकत्र नांदलीं कशीं? त्यांनीं आरंभींच कांहीं नियम घातले. जेवण एका पंक्तीला. मिळकत सारी एका तिजोरींत. खाजगी धंदा कोणी करावयाचा नाहीं. घराचा कारभार पाळीपाळीनें एकेकानें पाहावयाचा. शनिवारीं संध्याकाळीं सर्वांनीं जमून आठवड्यांतील रुसवेफुगवे बोलून मिटवावयाचे, असाही एक नियम होता. १८०१ सालीं फोर्ट विल्यम कॉलेजांत केरीची बंगाली व संस्कृत शिकविण्यासाठीं नेमणूक झाली. पगार प्रथम दरमहा ५०० रुपये होता. पुढें तो १००० झाला. त्यांतील स्वतःपुरती अल्प रक्कम ठेवून बाकी सर्व तो समाईक तिजोरींत टाकी. शाळेची फी, छापखान्याचें उत्पन्न आणि कॉलेजचा पगार या तीन ओघांवर कामाचा पसारा वाढला. कृपादानें वेगळीं आणि धनी एक, हें तत्त्व त्यांनीं जमाखर्चाच्या वहींत उतरवून दाखविलें.

या कामांत केवळ परदेशी माणसांचेच गुण प्रकट झाले, असें समजणें चूक होईल. छापखान्याला ठसे पाहिजेत. चार्ल्स विल्किन्स याच्या हाताखालीं बंगाली ठसे पाडण्यांत तयार झालेला पंचानन कर्मकार हा कुशल लोहार श्रीरामपुरास आला, आणि त्याच्यामागून त्याचा जांवई मनोहर यानें ती विद्या वाढविली. त्यांनीं पाडलेल्या ठशांनीं देशांतील कितीतरी लिप्या प्रथमच छापण्यांत आल्या. पंचाननानें धर्म बदलला नाहीं, पण त्याच्या हाताच्या कसबावांचून केरीचीं भाषांतरें कागदावर उतरलीं नसतीं.

मराठी वाचकाला तर येथें जवळचा संबंध सांपडतो. कॉलेजांत केरीकडे मराठीचेंही अध्यापन आलें. वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें त्यानें १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. कोशांतील मराठी शब्द मोडी ठशांत आहेत. ‘सिंहासन बत्तिशी’ व ‘हितोपदेश’ हीं मराठी गद्य पुस्तकें १८१४-१५ च्या सुमारास तेथूनच मोडींत छापून बाहेर पडलीं. मुंबई-पुण्याकडे मराठी मुद्रणाचा नीट जम बसण्यापूर्वीं मराठी अक्षर बंगालमध्यें छापलें जात होतें, हा योग विलक्षण आहे. या भाषांतरांच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. बायबलाच्या श्रीरामपुरी मराठीची बोली नागपूरच्या बाजूची होती. कोंकण-देशावरील वाचकाला ती परकी वाटे. मुंबईच्या अमेरिकन मिशननें स्वतंत्र भाषांतर हातीं घेऊन १८२६ सालीं मराठी नवा करार छापला. श्रीरामपूरहून सुमारें चाळीस भाषांत बायबलाचा सर्व किंवा कांहीं भाग निघाला. त्यांपैकीं अनेक भाषांतरें पुढच्या पिढीनें पुन्हां नव्यानें केलीं. देणगी मोठी असली, तरी घाईचे दोष तिलाही लागतात.

उपदेशाचें जें फळ सात वर्षें मिळालें नव्हतें, तें शेवटीं कसें आलें? १८०० च्या नोव्हेंबरांत श्रीरामपूरचा एक सुतार, कृष्ण पाल, घसरून पडला आणि त्याचा खांदा निखळला. डॉक्टर टॉमस तेथें होता. त्यानें खांदा बसविला आणि त्या निमित्तानें त्याच्याशीं बोलणें झालें. कृष्ण पालनें पुढें ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचें ठरविलें. २८ डिसेंबर रोजीं हुगळीच्या पात्रांत केरीनें त्याला आणि आपला थोरला मुलगा फेलिक्स याला बाप्तिस्मा दिला. वर्षानुवर्षें त्या एका क्षणाची वाट पाहणाऱ्या टॉमसच्या मनाला हर्षाचा भार सोसला नाहीं. त्याला वेड लागलें आणि त्या समारंभाच्या वेळीं त्याला कोंडून ठेवावें लागलें. पुढच्याच वर्षीं तो मरण पावला. टॉमस हा कर्जबाजारी, अस्थिर आणि व्यवहारांत सर्वांना त्रास देणारा माणूस होता. तरी सर्व प्रवचनांनीं जें साधलें नाहीं, तें त्याच्या वैद्याच्या हातानें साधलें. दुबळा अवयव कोणता आणि सबळ कोणता, हें ठरविणें म्हणून कठीण आहे. कृष्ण पाल पुढें वीस वर्षांहून अधिक काळ कलकत्त्यांत आणि सिल्हेटच्या बाजूस उपदेश करीत राहिला. त्यानें बंगालींत पदें रचलीं. सुताराला कवित्वाची देणगी आहे हें कामानेंच उघड केलें.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळीं छापखान्याला आग लागली. कागदाचा सांठा, अनेक लिप्यांचे ठसे आणि केरीचीं अनमोल हस्तलिखितें जळालीं. अनेक भाषांचा तौलनिक कोश नष्ट झाला. नुकसान सुमारें ७०,००० रुपयांचें होतें. राख उपसतांना अक्षरें पाडण्याचे पोलादी साचे मात्र शाबूत सांपडले, आणि छापण्याचीं यंत्रेंही वांचलीं होतीं. वॉर्डनें वितळलेला धातु गोळा करून लगेच नवे ठसे ओतण्यास आरंभ केला. केरी जळालेलें पुन्हां लिहावयास बसला. विलायतेंत बातमी पोंचतांच सुमारें दोन महिन्यांत दहा हजार पौंड जमले. आपल्या ठिकाणीं चिकाटीवांचून दुसरा गुण नाहीं, असें केरी आपल्या पुतण्याला सांगत असे. हा विनय होता. परंतु त्या आगीनंतरचीं वर्षें पाहिलीं म्हणजे चिकाटी हेंही एक कृपादान आहे, हें मान्य करावें लागतें.

या वृत्तांतांत अपयशही आहे. फेलिक्स वॉर्डच्या हाताखालीं तयार झाला आणि १८०७ सालीं ब्रह्मदेशांत मिशनरी म्हणून गेला. तेथें तो मिशनचें काम सोडून राजाच्या नोकरींत शिरला, तेव्हां बापाला तें अधःपतन वाटलें. १८१४ सालीं जलप्रवासांत त्याची बायको व मुलें बुडालीं. अनेक वर्षें भटकून तो अखेर श्रीरामपुरास परतला आणि बंगालींत शरीरशास्त्रावरचा ग्रंथ लिहून गेला. बापाची देणगी मुलाला वारशानें मिळते असें नाहीं. आणि मुलाची स्वतःची देणगी बापाला ओळखतां येतेच असेंही नाहीं. तसेंच, वॉर्डनें १८११ सालीं हिंदूंच्या धर्माविषयीं व चालीरीतींविषयीं मोठा ग्रंथ लिहिला. त्यांत दोष टिपण्याची तत्परता आहे, पण त्या जीवनांतील मांगल्य पाहण्याची दृष्टि थोडी. १८२० सालीं राममोहन रॉय यांनीं ख्रिस्ताच्या नीतिवचनांचें संकलन प्रसिद्ध केलें, तेव्हां मार्शमन त्यांच्याशीं वादांत उतरला. त्या वादांत राममोहन रॉय यांची विद्वत्ता उणी पडली नाहीं. एका बाबतींत दृष्टि लाभलेला मनुष्य दुसऱ्या बाबतींत आंधळा असूं शकतो.

आणखी एक दुःख घरचें होतें. वॉर्ड ७ मार्च १८२३ रोजीं पटकीनें वारला. सर्वांना जोडून ठेवणारा सौम्य माणूस गेला, आणि विलायतेंतील तरुण चालकांशीं मालमत्तेच्या हक्कावरून चाललेला वाद विकोपास गेला. ज्यांनीं आपली मिळकत वर्षानुवर्षें समाईक तिजोरींत ओतली, त्यांच्यावरच पैशाविषयीं संशय घेण्यांत आला. १८२७ सालीं श्रीरामपूरची मंडळी मूळ सोसायटीपासून वेगळी झाली. याच वर्षीं डेन्मार्कच्या राजानें १८१८ सालीं स्थापन झालेल्या श्रीरामपूर कॉलेजाला पदव्या देण्याची सनद दिली. एकाच वर्षीं हा मान आणि तो वियोग, असा योग आला.

डिसेंबर १८२९ मध्यें लॉर्ड बेंटिंकच्या सरकारनें सतीची चाल बेकायदा ठरविणारा हुकूम काढला. भाषांतरासाठीं तो केरीकडे रविवारीं सकाळीं पोंचला, आणि तेव्हां तो प्रार्थनामंदिरांत उपदेशाला जाण्याच्या तयारींत होता. भाषांतर एक दिवस लांबलें तर तितक्या वेळांत कोणा विधवेचा जीव जाईल, हें त्याला ठाऊक होतें. उपदेश दुसऱ्याकडे सोंपवून तो पंडिताला घेऊन मेजापाशीं बसला आणि संध्याकाळपर्यंत त्यानें तें काम पुरें केलें. तरुणपणीं ज्याला उपदेश हेंच आपलें काम वाटत होतें, त्यानें अडुसष्टाव्या वर्षीं आपल्या खऱ्या देणगीला व्यासपीठाहून वरचें स्थान दिलें. आणि तसें करण्यांत त्याला कोणताही संकोच वाटला नाहीं.

केरी ९ जून १८३४ रोजीं मरण पावला, मार्शमन ५ डिसेंबर १८३७ रोजीं. हॅना त्यांच्यानंतर दहा वर्षें जगली. एका मेजवानींत कोणी उपहासानें विचारलें कीं, केरी पूर्वीं जोडे करीत असे काय. तेव्हां त्यानें आपण जोडे करणारा नव्हतों, फाटके सांधणारा होतों, असें उत्तर दिलें, अशी आख्यायिका आहे. तो वनस्पतिशास्त्राचाही व्यासंगी होता. रॉक्सबर्गचे ग्रंथ त्यानेंच छापून प्रसिद्ध केले, आणि रॉक्सबर्गनें एका वनस्पतिवर्गाला केरीचें नांव दिलें. सह्याद्रीच्या रानांत आढळणारा कुंभा हा वृक्ष त्याच वर्गांतला होय.

या सर्व वृत्तांतावरून एवढें दिसतें कीं, कृपादान हें पेटींत ठेवलेल्या दागिन्यासारखें आधींच मोजून पाहतां येत नाहीं. जवळचें, गरजेचें, बहुधा कमी मानाचें काम मनुष्य हातीं घेतो. तें करतां करतां त्याचा हात कोठें सहज चालतो हें सोबत्यांच्या लक्षांत येतें. आणि मग, पुष्कळदां उशिरानें, त्याच्या स्वतःच्या लक्षांत येतें. यासाठीं सोबती पाहिजेत, आणि एकमेकांना खरें सांगण्याइतकें सख्यही पाहिजे. श्रीरामपूरच्या घरांत तें सख्य होतें, म्हणून जोडे सांधणारा भाषापंडित झाला आणि सुतार कवि झाला. त्याच घरांत डॉरोथीलाही कोणी वेळेवर विचारलें असतें, तर तें सख्य पूर्ण झालें असतें. ज्या घराला, शाळेला किंवा संस्थेला आपल्या माणसांचे गुण वाढवावयाचे आहेत, तिनें या इतिहासाच्या दोन्ही बाजू ध्यानांत ठेवाव्यात.